जिनिंगमधला डब्बा : कापसाच्या एका हंगामाच्या नोंदी

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर बसतो. गाव तिथून एसटीने पाऊण तासावर. जिथे अन्न गरम करायची सोय नाही, जेवायची वेळ ठरलेली नाही आणि हवेत कायम रुई उडत असते, तिथे डब्बा न्यायचा तर काय काय आडवं येतं ते हंगामभर लिहीत गेलो. हापिसात मायक्रोवेव्ह असेल तर यातलं अर्धंअधिक सोडून द्या.

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीत उधारी झाली म्हणून मागच्या हंगामाची वही काढून हिशेब मांडला. सकाळी उतरल्यावर आलूबोंडा आणि चहा, तीस. दुपारची थाळी शंभर. संध्याकाळची गाडी येईपर्यंत समोसा-चहा, पुन्हा तीस. रोजचे १६०, सव्वीस दिवसांचे ४,१६०. पगार चौदा हजार. म्हणजे तीस टक्के पगार फाट्यावरच्या हॉटेलात जिरत होता, आणि थाळीतलं वरण तर नुसतं पिवळं पाणी.

डब्ब्याचा अंदाज असा काढला: दीडशे ग्रॅम कणीक ६, भाजी १५, डाळ ७, तेल ३, चटणी ४, गॅस ३. एकूण ३८ रुपये. तेलाचा आकडा आधी कमी धरला होता, पण सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवल्यापासून सोयाबीन तेल चढलंय, म्हणून सुधारला. वावरातलं धान्यही बाजारभावानेच धरलं आहे. घरचे गहू म्हणजे फुकटचे गहू नव्हेत, ते विकले असते तर पैसे आले असते.

खरेदी: तीन पुडांचा स्टीलचा डब्बा ४२०, पिशवी १५०.

९ नोव्हेंबर, शनिवार

पहिला आठवडा. रोज पोळी, भाजी, वरण, भात असा पूर्ण थाट. थाळी सोडली तर निदान थाळीसारखं तरी असावं, असा हट्ट.

वरण सांडलं. तीन पुडांच्या डब्ब्याची कडी घट्ट दिसते, पण एसटीत तो आडवा झाला की मधल्या पुडातून पाझरतोच. पोळ्या पिवळ्या, पिशवी पिवळी, दोन काटापावत्याही पिवळ्या.

दुसरा त्रास रुईचा. रेचे (सरकी काढायची यंत्रं) चालू असताना केबिनचं दार उघडं असेल तर डब्बा उघडल्याबरोबर वरणभातावर बारीक तंतू येऊन बसतो. ओल्या अन्नावरून तो निघत नाही, बोटाने ओढला की लांबत जातो. कोरड्या पोळीवर बसला तर फुंकरीने उडतो. तेव्हापासून जेवायला काट्यामागच्या कडुनिंबाखाली, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसतो. हमालकाका आधीपासून तिथेच बसतात. मला पाहून म्हणाले, "काऊन भाऊ, हॉटेलवाल्याशी भांडण झालं का?"

गरम करायचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला. जिनिंगच्या आवारात विडी-काडी चालत नाही, कापसाच्या गंजीला ठिणगी लागली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. विजेवर गरम होणाऱ्या डब्ब्यासाठी प्लग मागितला, तर सुपरवायझरने हात जोडले. त्याचं बरोबरच आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

वेचणी भर जोरात आहे. बायको आमचं वावर आटोपून शेजाऱ्यांकडेही वेचायला जाते, यंदा किलोमागे दहा रुपये मिळतात. आज सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, तुमच्या डब्ब्यापायी मले वावरात जायला उशीर होते. बाया दोन तासं घेऊन बसतात तवा मी पोचतो." (तास म्हणजे कापसाची ओळ.)

हा आकडा माझ्या वहीत नव्हता. तिचा हात तासाला सहा किलोच्या आसपास चालतो. अर्धा तास उशीर म्हणजे तीन किलो, म्हणजे तीस रुपये. डब्ब्याचं सामान ३८, तिचे बुडालेले ३०, झाले ६८. थाळी शंभरची. एवढ्या आटापिट्यातून वाचतात किती, तर बत्तीस रुपये. आणि ती साडेचारला उठते ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ती स्वतः काय नेते? दोन भाकरी, चून (बेसनाचं पिठलं) नाहीतर ठेचा, एक कांदा, सगळं फडक्यात बांधून. ते तिला पंधरा मिनिटांत जमतं आणि दुपारपर्यंत काही होत नाही त्याला. दुसरा स्वयंपाक होतो तो फक्त माझ्या वरणभातासाठी.

सोमवारपासून एकच शिदोरी, दोन वाटे. भाकरी तिच्या, बाकीचं मी बघायचं: रात्री भाजी चिरून ठेवणं, सकाळी परतणं, चटणी कुटणं, दोन्ही डब्बे भरणं आणि संध्याकाळी घासणं. माय म्हणाली, "पाहू किती दिवस टिकते."

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दुपारभर चटण्या केल्या. डब्ब्याचा खरा आधार हाच आहे, म्हणून नीट लिहितो.

जवसाची चटणी: पाव किलो जवस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचे. तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. आणखी दोन मिनिटं ठेवले की कडू होतात आणि मग गूळ घातला तरी सुधारत नाहीत. माझा पहिला घाणा तसाच गेला, कोंबड्यांपुढे टाकला तर त्यांनीही तोंड फिरवलं. पूर्ण गार झाल्यावरच कुटायचे, गरम असताना मिक्सरला लावले तर तेल सुटून लगदा होतो. सुक्या मिरच्या, जिरं, मीठ घालायचं. लसूण यंदा चारशे रुपये किलोच्या घरात आहे, म्हणून पाच-सहा पाकळ्यांवर भागवलं, त्याही भाजून कोरड्या करून. कच्चा लसूण घातला तर चटणी ओल धरते. कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो, तेव्हा आठ-दहा दिवसांपुरतीच करा.

शेंगदाण्याची चटणी त्यामानाने सोपी आणि जास्त टिकाऊ. तिळाची चांगली होते, पण महाग पडते.

भाकरीबद्दल बायकोने सांगितलेलं: ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की भरपूर मळायचं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानेच थोडाफार येतो. गार पाण्यातल्या पिठाची भाकरी दुपारी कौलासारखी मोडते. तव्यावरून काढलेली भाकरी सरळ डब्ब्यात टाकायची नाही. वाफ निघू द्यायची, मग धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळायची. डब्ब्यात टाकली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि खालची भाकरी गिच्च होते.

ज्वारी मात्र आता आम्हालाही विकत घ्यावी लागते. रानडुकरं आणि पाखरांपुढे कोण पेरतो? सगळीकडे कापूस नाहीतर सोयाबीन. गरिबाची म्हणायची ती भाकरी आज गव्हाच्या पोळीपेक्षा महाग पडते. आठवड्यातून तीन दिवस भाकरी, बाकी दिवस तेलाचा हात लावून केलेल्या पोळ्या.

३० नोव्हेंबर, शनिवार

महिन्याचा हिशेब. डब्ब्याचं सामान ६८४. बाहेरचं खाणं १,८८०. डब्बा आणि पिशवी ५७०. एकूण ३,१३४. एवढ्याच दिवसांत जुन्या पद्धतीने ३,६८० गेले असते. हाती राहिले ५४६.

डब्बा नेऊनही बाहेरचे अठराशे ऐंशी? वही उलटसुलट पाहिली. थाळी काही दिवस झाली, पण त्यात पाचशेच गेले. बाकी सगळं सकाळचा आलूबोंडा आणि संध्याकाळचा समोसा, रोजचे साठ. पाचला सुटून गाडी येईपर्यंत फाट्यावर पाऊण तास उभं राहायचं, समोर कढईत गरम तेल. उपाशी माणूस तिथे हिशेब करत नाही.

दुपारच्या जेवणावर एवढा खल केला आणि पैसा गळत होता दोन्ही टोकांना.

१२ डिसेंबर, गुरुवार

तीन पुडांतलं एक पूड काढून टाकलं आणि त्याजागी एक छोटी डबी ठेवली. तिच्यात मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी घरचा चिवडा. सहा-सात रुपयांत होतं. अर्धं सकाळी उतरल्यावर, अर्धं संध्याकाळी फाट्यावर. चहा दोन वेळा ठेवला आहे, तो सोडायचा विचारही नाही. आता दिवसाचा खर्च ३८ अधिक ७ अधिक चहाचे २०, म्हणजे ६५.

डबी पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवायची. तळाशी ठेवली तर काढायचा कंटाळा येतो आणि आलूबोंडा जिंकतो.

सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी चालू आहे, गाड्यांची रांग पार रोडपर्यंत. लांब धाग्याला हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल, बाहेर व्यापारी त्याहून खाली मागतो, म्हणून सगळा लोंढा इकडे. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भावात कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. मग वाद. शेतकऱ्याने भाड्याचा छोटा हत्ती (लहान टेम्पो) करून माल आणलेला असतो, त्याला परत जा म्हणणं सोपं नाही. भरलेल्या गाडीचं वजन झालं, रिकामीचं बाकी आहे आणि मी जेवायला उठलो, असं चालत नाही. एकचं जेवण कधी दीडला, कधी पावणेचारला.

म्हणून डब्ब्यात काय ठेवायचं ते ‘एक वाजता कसं लागेल’ यावर ठरवायचं नाही. चार वाजता कसं असेल ते बघायचं.

थंडीत जे चाललं: वांग्याची कोरडी भाजी, मेथी-बेसन, कोबी, भरली मिरची, मुंगवड्या. जे फसलं: टोमॅटोची कुठलीही पातळ भाजी आणि चिरलेला कांदा (अख्खा न्यायचा, जेवताना बुक्कीने फोडायचा). सांभार (कोथिंबीर) वरून भुरभुरला तर आधी काळा पडतो आणि मग वास धरतो. घालायचाच तर फोडणीत परतून घाला.

अंबाडीची भाजी हमालकाकांच्या जुन्या जर्मनच्या (अॅल्युमिनियमच्या) डब्ब्यात काळपट झाली आणि चवीला कशीतरीच लागली. अंबाडी, चिंच, ताक असलं आंबट त्या भांड्यात ठेवू नये. स्टीलमध्ये काही होत नाही.

३१ डिसेंबर

या महिन्यात सगळं धरून दोन हजार दोनशे वाचले. उधारीतले दीड हजार फेडले.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. तुरीच्या ओल्या शेंगा आल्या आहेत, सोल्यांची भाजी डब्ब्यात नेली. परतून कोरडी केली तर उत्तम टिकते. कडुनिंबाखाली आता चौघे-पाच जण बसतात. प्रत्येकाने सगळं आणायची गरज नाही हे लक्षात आलं: एकाने चटणी जास्तीची आणायची, एकाने भाजी, एकाने कांदे-मुळा. भाकरी-पोळी ज्याची त्याची. यात पैसे फारसे वाचत नाहीत, पण तेच ते खाऊन कंटाळा येतो आणि मग थाळीकडे पाय वळतात, ते थांबलं. हमालकाकांच्या घरचा लाल मिरचीचा ठेचा एवढा जहाल की काट्यावरच्या पोराला घोटभर पाण्याने भागेना, माझी डबी उघडून गूळ खाल्ला त्याने.

२५ जानेवारी, शनिवार

आजपासून एसटीचं तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. मला महिन्याला दोनशेच्या आसपास जास्त पडतील. बायकांना अर्धं तिकीट असतं, म्हणून बायकोला म्हटलं तू जा काट्यावर, मी कापूस वेचतो. ती म्हणाली, वेचून दाखवा आधी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पैसे गेले त्याची नोंद. भात खायची फार इच्छा झाली म्हणून ६८० रुपयांचा गरम राहणारा डब्बा आणला, बाहेरून प्लास्टिक आणि आत स्टील. खोक्यावर सहा तास गरम म्हणून छापलेलं. सकाळी साडेसहाला वाफाळता वरणभात भरला. दोनला उघडला तर कोमट. अडीच-तीनला उघडला त्या दिवशी वरणाला तार सुटली होती आणि भाताला आंबूस वास.

या डब्ब्याची गोम अशी की तो अन्न गरम ठेवत नाही, कोमट ठेवतो. साठ अंशांच्या वर राहिलं तर अन्न टिकतं, त्याखाली कोमट राहिलं की नासायला त्याहून सोयीचं काही नाही. भाताचं तर विशेषच. शिजवल्यानेही न मरणारे जंतू त्यात राहतात आणि कोमटात वाढतात. पुन्हा गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. उकळतं पाणी दहा मिनिटं आत ठेवून, डब्बा तापवून मग भरला तर दीडपर्यंत बरा राहतो. पण माझी दीडची खात्री नाही. डब्बा आता मायकडे आहे, ती त्यात दळण-कांडणाची चिल्लर ठेवते.

भात संध्याकाळी घरी.

नवी तूर आली, डाळ उतरली. लसूणही उतरतोय.

६ मार्च, गुरुवार

उन्हं लागली. केबिनवर टिनाचं छत, दुपारी आत बसवत नाही. भेंडीची भाजी एकला ठीक होती, तीनला चिकट आणि वास. आलूची भाजीही गेली, म्हणजे आता कोरड्यातलं कोरडंच.

मायला विचारलं, तुम्ही बैलबंडीने दोन-दोन दिवस जायचे तेव्हा काय न्यायचे? तिने दशम्या करून दिल्या: पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवलेल्या पिठाच्या. दुसऱ्या दिवशीही मऊ राहिल्या. दूध धरून डब्बा सहा-सात रुपयांनी महागतो, तेव्हा रोजच्याला नाही, रांग लांबणार असं आदल्या दिवशी कळलं तर.

चुनाचे दोन प्रकार करून पाहिले. पातळ बेसन उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतं. कोरडं केलं तर टिकतं, पण त्याला हात लागतो: कांदा तेलात लालसर होईपर्यंत परतायचा, पाणी अगदी थोडं, बेसन घातल्यावर झाकण ठेवून एक वाफ आणि मग झाकण काढून कढईला चिकटेस्तोवर हलवत राहायचं. पीठ सुटं सुटं झालं पाहिजे. कढईच्या बुडाची खरपुडी खरवडून घ्यायची, तिच्यावरून कडुनिंबाखाली भांडणं होतात. ताटलीत पसरून पूर्ण गार झाल्यावर भरायचं.

दही बंद. त्याऐवजी कैरीची फोड आणि मीठ.

८ एप्रिल, मंगळवार

आजपासून घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महाग. हिशेबात गॅसचे रोजचे तीन रुपये धरले होते. एकाच आचेवर दोघांची शिदोरी होते, तेव्हा माझ्या वाट्याला तेवढेही येत नसतील. आकडा बदलला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

पारा ४४ च्या वर. आवक संपत आली, रेचे दिवसाआड बंद. गठाणी बांधायचं काम उरलंय, मला पुढच्या आठवड्यापासून सुट्टी.

हंगामाचा हिशेब: नोव्हेंबरचे ५४६, डिसेंबरचे २,२००, पुढे मार्चअखेरपर्यंत महिन्याला २,१०० ते २,३०० च्या मधे. त्यातून फसलेल्या गरम डब्ब्याचे ६८० वजा. एसटीची वाढ यात धरलेली नाही, ती थाळी खाल्ली असती तरी बसली असतीच. सगळं मिळून आठ हजारांच्या थोडं वर. एप्रिलची बेरीज बाकी आहे.

बायकोचा वाटा वेगळा काढला. नोव्हेंबरच्या त्या पहिल्या दोन आठवड्यांत तिची वेचणी बुडाली, त्याचे तिला पाचशे दिले. ती म्हणाली, भाकरीचे कुठं आहेत? त्यावर बोलणी चालू आहेत.

मायच्या प्रश्नाचं उत्तर: भाजी परतणं आणि डब्बे भरणं टिकलं. घासणं मात्र जानेवारीतच सुटलं होतं, बायकोने दोनदा आठवण दिल्यावर पुन्हा लावून घेतलं.

डब्ब्याच्या झाकणातलं रबर सैल पडलंय आणि कितीही धुतलं तरी त्याला ठेच्याचा वास येतो. नवीन रबर भांड्याच्या दुकानात वीस रुपयांना मिळतं, जुनं झाकण सोबत नेलं तरच माप जुळतं. खरिपाची पेरणी आटोपली की आणतो.